वांग्याच्या देठाची अंगठी

“आमच्या परसातल्या चाफ्यासारखी अंगठी होईल का हो?” बेळगावात शहापूरच्या सराफ गल्लीत किंवा निपाणीच्या बाजारपेठेत सोनाराकडे घटकाभर बसलं, तर असा प्रश्न कधी ना कधी कानावर येतो. फूल बदलतं. कुणाला कारवी हवी असते, कुणाला बकुळ, कुणाला शेतातलं तंबाखूचं पान. मोबाइलमध्ये फोटो असतो आणि पुडीत आजीच्या कुडीतला किंवा कुठल्याशा प्रवासात घेतलेला एखादा खडा.

अंगठी होते. पण फूल जसंच्या तसं सोन्यात उतरवायचं ठरवलं, तर पाकळ्यांच्या कडा पदरात अडकतात, एखादी पाकळी वाकते, खडा हलायला लागतो आणि वर्षभरात अंगठी कपाटात जाते. मला असं वाटतं, की निसर्गाकडून अंगठीसाठी काही घ्यायचंच असेल, तर रूपाच्या आधी त्याची पकड घ्यावी. कळीला तिची हिरवी पानं कशी धरतात, वेल काठीला कसा वेढा घालतो, शेंग दाण्याला कशी सांभाळते, हे बघावं. अंगठीलाही एवढंच करायचं असतं: एक खडा धरायचा आणि एका बोटाला वेढा घालायचा. या प्रकरणात आपण एक अंगठी मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघू.

१. गळ्यातली पानं, बोटातली पानं

सीमाभागातल्या बायकांच्या अंगावर निसर्ग पिढ्यान् पिढ्या आहे. बोरमाळ, जवमणी, चिंचपेटी, चाफेकळी, पायाच्या बोटातल्या मासोळ्या. या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे कोल्हापुरी साज. परंपरेने त्यात २१ पानड्या सांगतात: दहा दशावतारांच्या, आठ अष्टमंगलाच्या, एक माणकाची, एक पाचूची आणि एक ताईत. त्यांत मासा आहे, कासव आहे, कमळ, बेलपान, कारलं, भुंगा, नाग आहे. शेतात, तळ्यात, परसात दिसणारं जवळजवळ सगळं काही एका माळेत.

या पानड्या कशा घडतात ते समजून घेणं आपल्या कामाचं आहे. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर दाबून उठाव आणतात आणि आतली पोकळी लाखेने भरतात. लाख पत्र्याला आतून आधार देते, त्यामुळे थोड्या सोन्यात भरदार दागिना होतो. ही अतिशय हुशार युक्ती आहे. ती टिकते, कारण गळ्याला धक्के बसत नाहीत.

बोटाचं तसं नाही. हात दिवसभर नळाला, कढईच्या कानाला, कुलपाला, एसटीच्या दांडीला लागतो. साजातलं तेच पान पातळ पत्र्यात करून बोटावर बसवलं, तर ते महिन्याभरात चेपेल. अंगठीतलं पान भरीव हवं, बसकं हवं आणि त्याची टोकं मोकळी सुटलेली नकोत.

दगडात कोरणाऱ्यांना हे फार आधी उमगलेलं होतं. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे. रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याचा मंत्री बीचिराज याने ती १२०४ साली बांधली. तिच्या छतातून खाली झुकलेलं दगडी कमळ पाहायला लोक जातात. तळ्यातलं कमळ वाऱ्याने हलतं, त्याच्या पाकळ्या असमान असतात, एखादी किडलेली असते. छतातल्या कमळात यातलं काही नाही. तिथे आहे तो पाकळ्यांचा क्रम, मधून बाहेर उमलत जाणारी रचना. आपली अंगठी करायला घेण्यापूर्वी अर्धा तास त्या छताखाली उभं राहावं, असं मी प्रत्येकाला सांगेन.

२. आधी खडा

बहुतेक लोक आधी नक्षी ठरवतात आणि खडा नंतर बसवतात. क्रम उलटा हवा. खडा किती कणखर आहे यावर त्याला किती झाकायचं हे ठरतं, आणि झाकण्यावरून नक्षी.

कठीणपणा मोजायची एक साधी पट्टी आहे. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली ती सुचवली. दहा खनिजं ओळीत मांडायची. वरच्या क्रमांकाचं खनिज खालच्यावर ओरखडा काढू शकतं. सगळ्यात मऊ शंखजिरं १ वर, हिरा १० वर. माणिक आणि नीलम ९, पुष्कराज म्हणून विकला जाणारा टोपाझ ८, पाचू साडेसात ते आठ, स्फटिक आणि त्याचाच जांभळा भाऊ ॲमेथिस्ट ७, पोवळं तीन ते चार, मोती त्याच्याच आसपास.

यात ७ हा आकडा लक्षात ठेवायचा. वाऱ्यावर उडणाऱ्या धुळीत स्फटिकाचे, म्हणजे गारेचे, बारीक कण असतात. ७ पेक्षा मऊ खडा नुसता पदराने पुसला तरी त्यावरची धूळ त्याला घासते. दोन-चार वर्षांत त्याची झळाळी जाते. मोती आणि पोवळं यांचं दुखणं वेगळंही आहे. दोन्ही मुख्यतः चुन्याच्या जातीच्या द्रव्याची असतात, त्यामुळे लिंबू, कोकम, चिंचेचा कोळ त्यांना खातो. स्वयंपाक करणाऱ्या हातासाठी ती अंगठी रोजची नव्हे.

कठीण म्हणजे न फुटणारा, असं मात्र नाही. पाचू ओरखड्याला दाद देत नाही, पण त्याच्या पोटात बारीक चिरा असतात आणि ठोक्याने त्याचा कोपरा उडू शकतो. त्या चिरा दिसू नयेत म्हणून बाजारातल्या बहुतेक पाचूंना तेल पाजलेलं असतं. गरम पाणी, सोडा किंवा कंपनांनी दागिने धुणारं यंत्र यांनी ते तेल निघतं आणि खडा एकाएकी म्हातारा दिसायला लागतो. पाचूला कडेने पूर्ण वेढणारं कोंदण द्यावं आणि तो कोमट पाण्यापलीकडे कशात बुडवू नये.

माणकाविषयी एक गंमत बेळगावकरांना सांगावीशी वाटते. शहराच्या उत्तरेला यमनापूरला हिंदाल्कोचा कारखाना आहे. तिथे बॉक्साइटपासून अल्युमिना नावाची पांढरी भुकटी काढतात. अल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचं संयुग. माणिक आणि नीलम हेसुद्धा रसायनाच्या दृष्टीने तेच. स्फटिकरूप अल्युमिनात किंचित क्रोमियम मिसळलं की लाल माणिक, लोह आणि टायटॅनियम मिसळलं की निळा नीलम. ओग्यूस्त व्हर्नोय या फ्रेंच शास्त्रज्ञाने अल्युमिनाची भुकटी ज्योतीत वितळवून माणिक वाढवायची रीत १९०२ साली जाहीर केली. तेव्हापासून मानवनिर्मित माणिक जगभर मिळतं. ते काचेचं नसतं, खरंच माणिक असतं. फक्त खाणीतून आलेलं नसतं. रोज वापरायच्या अंगठीत ते लावायला काहीच हरकत नाही, मात्र पावतीवर तसं लिहिलेलं हवं आणि किंमतही तशीच हवी.

आपल्या अंगठीसाठी मी ॲमेथिस्ट निवडतो. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत स्फटिक, अकीक आणि क्वचित ॲमेथिस्ट वाढलेले असतात आणि बेळगाव त्या पाषाणाच्या दक्षिण कडेवर वसलेलं आहे. खडा परवडणारा आहे, कठीणपणा ७ म्हणजे उंबरठ्यावरचा. त्याला पैलू पाडायचे नाहीत. वरून घोटून घुमटासारखा गोल ठेवायचा. लांबी १० मिलिमीटर, रुंदी ८. जांभळा, चकचकीत, लांबट गोल. हे वर्णन वाचून मंडईतली एक वस्तू डोळ्यांपुढे आली असेल.

३. वांग्याने शिकवलेलं कोंदण

एक छोटं वांगं हातात घ्या. देठाजवळची हिरवी टोपी फळाला घट्ट बिलगलेली असते. तिला बहुधा पाच टोकं असतात. ती फळाच्या फुगीर भागावरून खाली उतरतात आणि टोकाशी निमुळती होतात. देठ टोपीत शिरतो तिथे तो जाड असतो, कारण सगळं वजन तिथे पेललेलं असतं.

अंगठीत खडा धरण्याच्या तीन मुख्य रीती आहेत. पहिली, आपली जुनी जडावाची: खड्यामागे चकाकता डांक, म्हणजे पातळ वर्ख, ठेवायचा आणि भोवती शुद्ध सोन्याची पट्टी दाबून पक्कं करायचं. मागची बाजू बंद असते. उजेड वरून आत जाऊन डांकावरून परततो. दुसरी, कडेने अखंड भिंत उभारून तिची वरची कड खड्यावर वळवायची. तिसरी, चार-सहा आकड्यांनी खडा धरायचा. यात उजेड सगळीकडून येतो, पण धोकाही सगळीकडून.

वांग्याची टोपी दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीच्या मधली आहे. वांगं देठ खाली करून धरलं, तर तळाशी ती अखंड वाटी आहे, वर जाताना तिचे पाच आकडे होतात. खड्याची नाजूक खालची कड वाटीत सुरक्षित राहते, वरचा घुमट उघडा राहतो आणि आकडे रुंद असल्यामुळे कपड्यात अडकत नाहीत. चारऐवजी पाच आकडे असल्याचा फायदा असा, की एक ढिला झाला तरी उरलेले चार खडा धरून ठेवतात. डाळिंबाच्या फुलाचा मुकुट, कापसाच्या बोंडाची उघडलेली पाकळी, फुटलेली गुंजेची शेंग यांच्याकडूनही असंच काही घेता येईल. पण वांगं आपल्या स्वयंपाकघरातलं आहे आणि त्याची पकड या सगळ्यांत विश्वासाची आहे.

काय सोडायचं? वांग्याच्या देठावरचे काटे. ते कितीही देखणे असले तरी अंगठीवर नकोत. टोपीच्या सुरकुत्याही नकोत, त्यांत कणीक भरते. देठ मात्र हवा. तो खड्याखालून निघून दोन फाट्यांत विभागला जाईल आणि ते फाटे बोटाभोवती फिरून मागे एकत्र येतील. म्हणजे देठ हीच अंगठीची कडी.

“खडा बोटाला लागला पाहिजे ना?” हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, कारण बरेच जण ग्रहासाठी खडा घालतात. ज्यांना तसा हवा असेल त्यांनी वाटीच्या तळाला खिडकी ठेवायला सांगावी. ती तशीही उपयोगी असते. तिच्यातून मागचा मळ धुता येतो आणि पारदर्शक खड्यात उजेड खेळतो.

४. मेण जातं, सोनं येतं

असा गोलसर, वळणदार आकार पत्रा आणि तार जोडून घडवणं अवघड असतं. त्यासाठी मेणाची रीत. आधी वस्तू मेणात कोरायची, तिच्याभोवती साचा करायचा, साचा तापवून मेण काढून टाकायचं आणि रिकाम्या जागेत धातू ओतायचा.

ही रीत आपल्या मातीला परकी नाही. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मेणाच्या नमुन्यावरून मूर्ती ओतायची कृती दिलेली आहे. मेणाचं वजन करून त्यावरून धातू किती घ्यायचा, हेसुद्धा त्यात सांगितलं आहे. त्याच ग्रंथात रत्नपरीक्षाही आहे.

कोरायचं मेण मेणबत्तीच्या मेणापेक्षा पुष्कळ कडक असतं. ते करवतीने कापता येतं, कानशीने घासता येतं, धारदार सुरीने सोलता येतं. आधी बोटाच्या मापाचं भोक, मग बाहेरचा ओबडधोबड आकार, मग वाटी, सगळ्यांत शेवटी टोपीची पाच टोकं. कोरताना खडा हाताशी ठेवून पुन्हा पुन्हा बसवून बघतात. ओतल्यावर धातू थोडा आकसतो आणि घासण्यात थोडा जातो, म्हणून मेणाचा नमुना किंचित मोठा ठेवतात.

नमुन्याला मेणाची काडी जोडून तो लोखंडी नळकांड्यात उभा करतात आणि गारेची पूड व प्लास्टर यांचा लगदा ओतून आत पुरतात. लगदा वाळला की भट्टीत हळूहळू ७०० अंशांच्या पुढे तापवतात. मेण वितळून, जळून जातं. आत उरते ती वांग्याच्या टोपीची पोकळ जागा. तिच्यात वितळलेलं सोनं फिरकीच्या जोराने किंवा हवा शोषून खेचलं जातं. मग नळकांडं पाण्यात बुडवलं की प्लास्टर फुटून गळून पडतं आणि काळपट, खरखरीत अंगठी हाती येते.

आता वजनाचं गणित. मेणाची घनता जवळपास पाण्याएवढी असते, म्हणून मेणाच्या वजनाला धातूच्या घनतेने गुणलं की अंगठीचा अंदाज मिळतो. समजा, नमुना अर्ध्या ग्रॅमचा झाला. चांदीत ०.५ × १०.४ म्हणजे ५.२ ग्रॅम. १८ कॅरेट सोन्यात ०.५ × १५.५ म्हणजे पावणेआठ ग्रॅम. २२ कॅरेटमध्ये ०.५ × १७.८ म्हणजे ८.९ ग्रॅम. आकडा खिशाला जड वाटला, तर सोनं ओतण्याआधीच उपाय आहे: कडीच्या आतल्या बाजूने मेण खरवडायचं. नमुना ०.३५ ग्रॅमवर आणला, तर १८ कॅरेटची तीच अंगठी साडेपाच ग्रॅमच्या आत येते. बाहेरून काही फरक दिसत नाही. गिऱ्हाइकाने मेणाचं वजन विचारावं, चांगला कारागीर ते आनंदाने सांगतो.

हाताने कोरलेलं मेण एकदाच असतं. ओतणं बिघडलं, तर नमुनाही गेला. म्हणून माझा आग्रह असतो, की पहिली ओत चांदीत करावी. निपाणीपासून हुपरी जवळ आहे. चांदीच्या पैंजणांसाठी नावाजलेल्या त्या गावात चांदीचं कसब घरोघरी आहे. चांदीची अंगठी पंधरा दिवस रोजच्या कामात घालून बघावी. कुठे टोचते, कुठे अडकते ते कळतं. तिच्यावरून रबराचा साचा घेता येतो, त्यात पुन्हा मेण भरता येतं आणि मग सोनं.

खडा मात्र सगळ्यांत शेवटी. ॲमेथिस्ट ४०० अंशांच्या पुढे तापला की त्याचा जांभळा रंग उडतो, बरेचदा तो पिवळा पडतो. त्याला झाळकामाच्या फुंकणीजवळ नेणं म्हणजे खडा गमावणं. उन्हातही तो वर्षानुवर्षं राहिला तर फिकट होतो.

५. बोटाचं माप

पट्टीची अंगठी करताना बोटाभोवती दोरा गुंडाळून तेवढ्याच लांबीची पट्टी कापली, तर अंगठी लहान होते. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोहार जसा धावेच्या जाडीचा हिशेब धरतो, तसाच इथे धरावा लागतो. पट्टी वळवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. लांबी कायम राहते ती मधल्या रेषेची. म्हणून आतल्या व्यासात जाडी मिळवून ३.१४ ने गुणायचं.

आतला व्यास १७ मिलिमीटर आणि पट्टी दीड मिलिमीटर जाड असेल, तर १८.५ × ३.१४ म्हणजे ५८.१ मिलिमीटर पट्टी हवी. नुसत्या १७ ला गुणलं असतं तर ५३.४ आली असती आणि वळवल्यावर आतला व्यास साडेपंधरा राहिला असता. ती अंगठी बोटात शिरलीच नसती.

मेणात आपण भोक थेट मापाचं करतो, त्यामुळे हा हिशेब टळतो. पण बोटाचा स्वभाव टळत नाही. सकाळी थंडीत बोट बारीक असतं, दुपारी उन्हातून आल्यावर फुगलेलं. माप संध्याकाळी घ्यावं. सांधा जाड असेल तर अंगठी त्याच्यावरून जेमतेम सरकेल एवढी हवी. रुंद कडीला थोडं मोठं माप लागतं, अरुंद कडीला कमी.

६. शिरा कोरताना

ओतून आलेल्या अंगठीवर शेवटचा हात फिरतो तो छिन्नीचा. पानाच्या शिरा, देठाच्या रेषा मेणातही कोरता येतात, पण धातूत कोरलेल्या रेषेला जी धार असते ती ओतकामात येत नाही. आपण टोपीच्या प्रत्येक टोकावर एकच मधली रेष घेऊ. अधिक नको. निपाणीच्या तंबाखूचं पान करायचं असतं, तर मधली जाड शीर आणि तिच्यातून निघून कडेजवळ वळणाऱ्या चार-पाच उपशिरा पुरल्या असत्या. ते पान तेवढ्यानेच ओळखू येतं.

रेषा दिसते ती सावलीमुळे. उंच भाग घोटून चकचकीत ठेवला आणि खोलगट भाग खरबरीत ठेवला, की उजेडाचं काम सोपं होतं. चांदीत गंधकाच्या द्रावणाने खोलगट भाग काळा करतात आणि वरचा उजळतात; रेष ठळक होते. घासली जाणारी जागा, म्हणजे तळव्याकडची बाजू, कोरी सोडावी. तिथलं कोरीव काम काही वर्षांत पुसट होतंच.

२२ कॅरेट की १८? पारंपरिक दागिन्यांची सवय असल्याने आपल्याकडे २२ चा आग्रह असतो. अखंड भिंतीच्या कोंदणाला ते उत्तम, कारण मऊ सोनं खड्यावर छान वळतं. पण आकडे असतील तर १८ कॅरेट घ्यावं. त्यात ७५ टक्के सोनं आणि बाकी तांबं-चांदी असते, त्यामुळे आकडा ताठ राहतो. वांग्याच्या टोपीसाठी मी १८ च म्हणेन.

७. पावतीवर काय हवं

दागिन्यांवर हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक नसलेला दागिना दुकानात विकता येत नाही. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तू आणि कुंदन-जडावाचे दागिने यांना सूट आहे. आपली अंगठी त्या सवलतीत बसत नाही, तेव्हा शिक्का मागावा.

पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, खड्याचं वेगळं आणि घडणावळ वेगळी असावी. खडा सोन्याच्या भावाने तोलला जाऊ नये. खड्याचं वजन कॅरेटमध्ये घ्यावं. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. एका तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे गुंजेला किंवा रत्तीला सुमारे ०.१२ ग्रॅम, हा जुना हिशेब. पण खड्यांच्या बाजारात रत्ती पेढीपेढीवर बदलते आणि त्यातून गैरसमज होतात. हाताने कोरलेल्या अंगठीची घडणावळ साच्यातल्या अंगठीपेक्षा जास्त असणारच. तिच्यात कोरणाऱ्याचे दिवस असतात. तिथे घासाघीस करू नये, असं मला मनापासून वाटतं. या भागातली कोरीव कामाची पिढी टिकायची असेल, तर तिच्या वेळेला मोल मिळायला हवं.

अंगठी घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांतून एकदा ती कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारावी. खडा पक्का असेल तर आवाज येत नाही; बारीक खुळखुळ आली तर लगेच कारागिराकडे न्यावी. मग मलमलीचा तुकडा टोपीच्या पाचही टोकांवरून फिरवावा. एखादा धागा अडकला, तर ते टोक उचललं गेलं आहे. कारागीर ते दाबून पुन्हा बसवतो, पाच मिनिटांचं काम असतं. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश एवढ्यात ॲमेथिस्ट स्वच्छ होतो. मागच्या खिडकीतून ब्रश फिरवायला विसरू नये, कणकेचा सगळा साठा तिथेच होतो.